आधी अंदाज, मग प्रयोग: हिवाळ्यासाठीच्या एका विज्ञानसंचाचे परीक्षण

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना हिवाळ्यात एक अडचण हमखास जाणवते. पाने, किडे, माती आणि पाणी यांच्या आधाराने वर्षभर अंगणात चाललेला विज्ञानाचा अभ्यास थंडी पडली की घरात येतो, आणि घरात आला की तो बघता बघता वाचनाचा तास होऊन बसतो. दिवस लहान, सकाळ उशिरा सुरू होणारी, मुलांचे हातपाय आखडलेले आणि पुस्तकात उष्णता, ऋतू, अवस्थांतर असे शब्द. वास्तविक या तीनही शब्दांचा सर्वांत चांगला अनुभव ज्या महिन्यांत घेता येतो, तेच महिने आम्ही दोन वर्षे पुस्तकावर घालवले, याची मला खंत वाटत होती. म्हणून यंदा डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांसाठी, बारा आठवडे पुरेल असा एक तयार विज्ञानसंच घेतला. माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे आणि मुलगा साडेआठ वर्षांचा. दोघांनी मिळून या संचातील चोवीसपैकी एकवीस प्रयोग पूर्ण केले, काही दोनदा आणि एक तर चार वेळा केला. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. संचाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या प्रकारचे बहुतेक संच एकमेकांसारखेच असतात, आणि यातील गुणदोष ओळखता आले तर दुसरा कोणताही संच पारखून घेता येतो.

निर्णय आधीच सांगते. संच घेण्याजोगा आहे. मात्र त्याच्या वेष्टनावर जे मोठ्या अक्षरांत छापले आहे, त्या रंगीत फेसासाठी आणि चमचमत्या बर्फासाठी तो घेऊ नये. त्याचे मोल दोन साध्या गोष्टींत आहे: एकसारख्या दोन तापमापी आणि पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी ठेवलेला ‘आधी अंदाज’ हा कोरा रकाना. प्रयोगाला हात लावण्यापूर्वी मुलाने काय होईल ते लिहायचे आणि त्याखाली आपले नाव घालायचे, एवढीच ती योजना आहे. पण स्वतःच्या नावाने लिहिलेला अंदाज खरा ठरतो की खोटा, हे पाहण्यासाठी मूल जेवढे खिळून बसते, तेवढे कोणत्याही रंगाच्या फेसापुढे बसत नाही, हे मी बारा आठवडे पाहिले.

याच रकान्यासंबंधी संचकर्त्यांनी एक मोठी चूकही केली आहे. अंदाजाच्या रकान्याखाली, त्याच पानावर, ‘काय झाले आणि का’ या मथळ्याखाली उत्तर छापलेले आहे. वाचता येणाऱ्या मुलाची नजर तिकडे जाणारच. पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीचे तीनही अंदाज अचूक निघाले तेव्हा मला कारण कळले. त्यानंतर प्रत्येक पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर मी जाड कागदाची पट्टी चिकटवून ठेवू लागले आणि प्रयोग संपल्यावरच ती काढायची असा नियम केला. उत्तरे पुस्तिकेच्या शेवटी दिली असती तर ही उठाठेव लागली नसती.

संचात तापमापी, भिंग, तुरटीची पुडी, मीठ, सायट्रिक आम्ल, खाण्याचा सोडा, लोकरीचे कापड, ॲल्युमिनियमची आणि लाकडाची प्रत्येकी एक चपटी पट्टी, फुगे, वर्खाचे तुकडे, सावली मोजण्यासाठी उभी काठी, तारे ओळखण्याची फिरती चकती आणि पुस्तिका असे साहित्य येते. बर्फ घरच्या फ्रीझरमधला चालतो, त्यामुळे ज्यांच्याकडे हिवाळ्यात हिमवर्षाव होत नाही त्यांचेही काही अडत नाही. ही गोष्ट मला फार चांगली वाटली, कारण हिवाळ्याच्या नावाने विकले जाणारे पुष्कळ साहित्य बाहेर बर्फाचा थर साचलेला आहे असे गृहीत धरूनच बनवलेले असते.

सर्वांत अधिक आनंद ज्या प्रयोगाने दिला, तो दिसायला अगदी साधा आहे. सारख्या आकाराचे बर्फाचे तीन खडे घ्यायचे. एक तसाच उघडा ठेवायचा, एक वर्खात आणि एक लोकरीच्या कापडात गुंडाळायचा. कोणता आधी वितळेल? दोन्ही मुलांनी क्षणाचाही विचार न करता लोकरीतला असे लिहिले. मुलाने कारणही दिले, की लोकर गरम असते. त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. थंडीत स्वेटर घातला की ऊब वाटते, हा त्याचा रोजचा अनुभव आहे, आणि आपण मोठी माणसेही ‘गरम कपडे’ असाच शब्द वापरतो. उघडा खडा तासाभरात संपत आला तेव्हा लोकर उलगडून पाहिली, तर आतला खडा अर्ध्याहून अधिक शिल्लक होता. मुलाने कापड हातात घेऊन उलटसुलट केले, आत तापमापी घालून पाहिली आणि मग दुसरी तापमापी बाहेर ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहिले. लोकर स्वतः उष्णता देत नाही, तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णतेला इकडून तिकडे जाऊ देत नाही, मग ती उष्णता शरीरातून बाहेर जाणारी असो की खोलीतून बर्फाकडे येणारी असो, हे वाक्य मी त्याला सांगितले असते तर तो ते विसरला असता. त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगितले: लोकर म्हणजे दार आहे, शेगडी नव्हे.

याच्याच जोडीचा दुसरा प्रयोग पुस्तिकेत दुर्दैवाने सहा आठवड्यांनंतर येतो. तो लगेच पुढच्या दिवशी करावा असे मी सुचवेन. ॲल्युमिनियमची आणि लाकडाची पट्टी रात्रभर एकाच खोलीत ठेवायची. सकाळी हात लावला तर धातू गार लागतो आणि लाकूड तितके लागत नाही. मुलांनी धातूचे तापमान कमी आहे असे लिहिले. दोन तापमापी दोन पट्ट्यांवर टेकवून ठेवल्या तर आकडा एकच. मग दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा ठेवायचा. जी पट्टी हाताला गार लागते तिच्यावरचा बर्फ डोळ्यांदेखत वितळू लागतो आणि लाकडावरचा तसाच बसून राहतो. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजाराहून अधिक पटींनी उष्णता वाहून नेते. हाताची उष्णता ते झपाट्याने ओढून घेते म्हणून गार लागते, आणि खोलीतून मिळणारी उष्णता तितक्याच झपाट्याने बर्फाला देते म्हणून बर्फ वितळतो. आपला हात तापमान मोजत नाही, उष्णता किती वेगाने जाते ते मोजतो, ही गोष्ट मुलीच्या लक्षात आली तेव्हा तिने घरातल्या अकरा वस्तूंना हात लावून आणि मग तापमापी लावून एक तक्ता तयार केला. तो तक्ता पुस्तिकेत सांगितलेला नव्हता. एकसारख्या दोन तापमापी दिल्यामुळेच तो शक्य झाला, कारण एकाच तापमापीने एकामागून एक मोजमाप घेताना मुलांचा मोजमापावर विश्वास बसत नाही.

तापमापींची इतकी स्तुती केल्यावर त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. त्यांची मोजपट्टी उणे १० अंश सेल्सिअसला संपते. संचातच बर्फ आणि मीठ यांचे मिश्रण करण्याचा प्रयोग आहे, आणि ते मिश्रण योग्य प्रमाणात झाले तर सैद्धांतिकदृष्ट्या उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरी तितके साधत नाही, पण उणे १० च्या खाली ते सहज जाते. आमच्याकडे रंगीत द्रव मोजपट्टीच्या तळाशी जाऊन थांबला आणि मुले खरा आकडा किती असेल यावर वाद घालत राहिली. जो प्रयोग थंडीच्या संचाचा कळस व्हायला हवा होता, तो मोजमापाअभावी अर्धवट राहिला. अखेर घरातील दुसरी, खालपर्यंत मोजणारी तापमापी वापरली तेव्हा उणे १६ हा आकडा मिळाला. मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो हे मुलांना ठाऊक होते. वितळत असताना तो अधिक थंड होतो, हे मात्र दोघांच्याही अंदाजाच्या बाहेर होते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःमधून आणि आजूबाजूच्या पाण्यातून ओढून घेतो. एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरच पाणी करायला सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी शून्यावरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापले असते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी ही ‘लपलेली’ उष्णता ओळखली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता की बर्फाला सतत उष्णता मिळत असूनही वितळून होईपर्यंत तापमापी हलत का नाही. पुस्तिकेत ब्लॅक यांचा उल्लेख दोन ओळींत येतो आणि तो नेमका या प्रयोगाच्या पानावर येतो, हे चांगले केले आहे.

आता वेष्टनावरच्या रंगीत फेसाविषयी. सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांत रंग घालून पाणी ओतायचे आणि उसळणारा फेस पाहायचा, एवढाच तो प्रयोग. मुले ओरडली, हसली, आणि पाच मिनिटांत विसरली. त्यात अंदाज करण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. खरे तर या प्रयोगातही एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. ही रासायनिक क्रिया उष्णता शोषून घेते, त्यामुळे एवढे उसळणारे, खदखदणारे मिश्रण प्रत्यक्षात थंड होत जाते. पुस्तिकेत याचा शब्दही नाही. उरलेल्या पूडीने आम्ही हाच प्रयोग दुसऱ्यांदा केला, रंग न घालता आणि तापमापी आत ठेवून. उकळल्यासारखे दिसणारे पाणी तापले असणार असे मुलाने लिहिले होते. पारा सहा अंशांनी उतरला. (पारा हा शब्द मी सवयीने वापरते, मुलांच्या संचात पाऱ्याची तापमापी कधीही नसावी आणि यात ती नाही, रंगीत अल्कोहोलची आहे.) मुलाने प्याल्याला बाहेरून हात लावून खात्री करून घेतली. तोच फेस, तेच साहित्य, पण या वेळी त्याबद्दलचे बोलणे दोन दिवस चालले.

पुस्तिकेतील एक चूक मात्र गंभीर आहे आणि ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यात पेटती मेणबत्ती उभी करायची आणि वर काचेचा प्याला उपडा ठेवायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी प्याल्यात चढते. पुस्तिका सांगते की ज्योतीने प्राणवायू संपवला, त्याची रिकामी झालेली जागा पाण्याने घेतली, आणि हवेत प्राणवायू सुमारे एकपंचमांश असल्यामुळे पाणीही तेवढेच चढते. हे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांतून फिरत आले आहे, आणि ते बरोबर नाही. प्राणवायू पूर्ण संपण्यापूर्वीच ज्योत विझते, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होऊन गेलेल्या वायूची जागा काही अंशी भरली जाते. पाणी चढते ते मुख्यतः हवा आधी तापून प्रसरण पावते आणि ज्योत विझल्यावर निवून आकुंचन पावते म्हणून. नीट पाहिले तर पाण्याची खरी चढण ज्योत विझल्यानंतर होते, हे डोळ्यांनीच दिसते. मुलीने ते पाहिले. प्राणवायू हळूहळू संपत असेल तर पाणीही जळत असतानाच हळूहळू चढायला हवे, असे तिचे म्हणणे होते. मग आम्ही तोच प्याला एका मेणबत्तीऐवजी तीन मेणबत्त्यांवर ठेवला. प्याल्यातला प्राणवायू तेवढाच, तरी पाणी कितीतरी अधिक चढले, कारण हवा अधिक तापली होती. हाच तो प्रयोग जो आम्ही चार वेळा केला. छापील पुस्तकाचे म्हणणेही प्रयोगाने तपासता येते, हे साडेअकरा वर्षांच्या मुलीला कळणे ही या संपूर्ण हिवाळ्यातील सर्वांत मोठी कमाई मी मानते. पण ज्या घरात पालकांना हे ठाऊक नसेल, तिथे मुले चुकीचे कारण पक्के करून बसतील, आणि त्याची जबाबदारी पुस्तिका लिहिणाऱ्यांवरच येते.

मेणबत्ती हा हिवाळ्यातील विज्ञानशिक्षणाचा जुना आणि मानाचा विषय आहे, म्हणूनही ही चूक अधिक खटकली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुमारास मुलांसाठी व्याख्याने होत आली आहेत. मायकेल फॅरडे यांनी तेथे एकोणीस वेळा व्याख्यानमाला दिली, आणि १८४८ मध्ये व पुन्हा १८६० मध्ये त्यांनी संपूर्ण मालेसाठी एका मेणबत्तीचाच विषय घेतला. त्यांनी दाखवलेला एक प्रयोग या संचातही आहे: मेणबत्ती फुंकर मारून विझवायची आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला वरूनच जळती काडी लावायची. ज्योत धुरातून खाली उडी मारून वातीला पेटवते. जळते ते वितळलेले मेण नसून मेणाची वाफ असते, हे इतक्या थोड्या साहित्यात दाखवणारा दुसरा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. अर्थात दोन्ही प्रयोग मोठ्या माणसाने शेजारी बसूनच करायचे आहेत, आणि पुस्तिकेत तशी सूचना ठळक दिली आहे.

स्फटिकांचा भाग बरा आहे. तुरटी २० अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम विरघळते आणि ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम. त्यामुळे कोमट पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून ते निवू दिले की जास्तीची तुरटी स्फटिकरूपाने बाहेर पडते. झपाट्याने निववले तर बारीक भुगा मिळतो आणि सावकाश निववले तर मोठे, आठ पृष्ठांचे देखणे स्फटिक मिळतात. तक्रार एवढीच की पुडीतील तुरटी एकाच वेळेपुरती आहे, आणि झपाट्याने व सावकाश यांची तुलना हाच तर प्रयोगाचा गाभा आहे. तुरटी वेगळी आणून ठेवावी.

हिमकणांच्या पानावर १६११ मध्ये योहानेस केप्लर यांनी हिमकणाला सहाच कोन का, असा प्रश्न विचारणारा छोटा निबंध लिहिला होता, १८८५ मध्ये विल्सन बेंटली यांनी सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली, आणि १९३६ मध्ये जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, अशी माहिती आहे. बर्फात पाण्याचे रेणू षट्‌कोनी मांडणीत बसतात म्हणून कण सहा बाजूंनीच वाढतो, हेही नीट समजावले आहे. हे पान वाचून झाल्यावर मुलीने संचाचा खोका आणून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या झाकणावर छापलेल्या हिमकणाला आठ टोके आहेत. आतला मजकूर लिहिणारे आणि बाहेरचे चित्र काढणारे एकमेकांशी बोलले असते तर हे टळले असते.

घर्षणविद्युतीचे तीन प्रयोग आहेत आणि तीनही थंड, कोरड्या हवेत सुरेख जमतात. केसांवर घासलेला फुगा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार त्याच्याकडे वळते, आणि बरणीत टांगलेल्या वर्खाच्या दोन पट्ट्या फुगा जवळ येताच एकमेकींपासून दूर होतात. हेच प्रयोग दमट दिवसांत का फसतात, याचे उत्तर पुस्तिकेत आकड्यांसह आले आहे, आणि मला ते फार आवडले: शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे पाच ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत सतरा ग्रॅमहून थोडे अधिक. म्हणजे बाहेरची गोठणबिंदूवरची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी ती घरात येऊन तापली की तीस टक्केसुद्धा भरलेली राहत नाही. थंडीत ओठ का फुटतात आणि स्वेटर काढताना ठिणग्या का तडतडतात, या दोन्हींचे कारण एकच निघाले, याचे मुलांना फार अप्रूप वाटले.

ज्या भागाकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले होते, तो सावलीचा. उभी काठी एका जागी रोवून आठवड्यातून एकदा दुपारची सावली मोजायची आणि शेजारच्या रकान्यात सूर्योदय व सूर्यास्ताची वेळ लिहायची. बारा आठवडे चालणारे हे काम मुले सोडून देतील असे मला वाटले होते. तिसऱ्या आठवड्यातच मुलीने प्रश्न आणला: सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो असे पुस्तिका म्हणते, मग सूर्यास्त त्याच्या आधीपासूनच का लांबू लागला आहे? तिची निरीक्षणे बरोबर होती. सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवसाच्या आधी येतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर, कारण घड्याळातले बारा आणि सूर्याची खरी मध्यान्ह या दोन वेळा वर्षभर एकमेकींपासून सरकत असतात. डिसेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे १० मिनिटे लवकर माथ्यावर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटे उशिरा. पृथ्वीच्या आसाचा कल आणि तिची किंचित लंबवर्तुळाकार कक्षा ही त्याची दोन कारणे.

पुस्तिकेने नेमके इथे पालकांना अडचणीत आणले आहे. तिच्यात सावली बरोबर बाराच्या ठोक्याला मोजायला सांगितली आहे. तशी मोजली तर मोजमापात दर आठवड्याला थोडी चूक शिरत जाते. दर दहा मिनिटांनी काठीच्या टोकाच्या सावलीवर खडूने खूण करायची आणि त्यांतली सर्वांत आखूड सावली धरायची, ही रीत सोपी आहे आणि तिच्यात मध्यान्हेची वेळही आपोआप सापडते. आम्ही चौथ्या आठवड्यापासून तसे केले. पहिले तीन आकडे मुलीने खोडले नाहीत, त्यांना वेगळ्या रंगाची चौकट केली आणि शेजारी ‘घड्याळाचे बारा’ असे लिहिले.

हिवाळा सूर्य दूर गेल्यामुळे होतो, असे माझ्या मुलाप्रमाणेच अनेक मोठ्यांनाही वाटते. उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे वर्षातील सर्वांत जवळच्या बिंदूवर असते. जुलैत हेच अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. थंडी पडते ती आसाच्या सुमारे २३.४ अंशांच्या कलामुळे, किरण तिरपे पडतात आणि दिवस लहान होतो म्हणून. विजेरीचा झोत कागदावर आधी सरळ आणि मग तिरपा टाकून उजेडाचा डाग कसा पसरतो ते दाखवणारा प्रयोग संचात आहे आणि तो लहान मुलालाही सहज कळतो. दक्षिण गोलार्धातील वाचकांसाठी पुस्तिकेने फक्त महिने उलटे धरावेत एवढी एक ओळ दिली आहे. ती पुरेशी नाही. तिथल्या हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि संध्याकाळचे आकाशही वेगळे असते, त्यामुळे निम्म्या पानांचा मजकूर तिथे लागूच पडत नाही.

आकाशाचा भाग शेवटी ठेवला आहे. मुलांच्या झोपण्याच्या वेळेआधी पूर्ण अंधार होतो, ही हिवाळ्याची सर्वांत मोठी देणगी. मृग, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, त्या रेषेत एका बाजूला व्याध आणि दुसऱ्या बाजूला रोहिणी व कृत्तिका, एवढे ओळखायला दोन संध्याकाळी पुरल्या. फिरती चकती जाड आणि टिकाऊ आहे, पण ती एकाच अक्षांशाच्या पट्ट्यासाठी छापलेली आहे आणि हे चकतीवर कुठेही लिहिलेले नाही. त्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्यांना तारे चकतीपेक्षा बरेच वर किंवा खाली दिसतील. मृगातल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा दिसतो, एवढे सांगून पुस्तिका थांबते. तिथेच एक अंदाज लिहायला लावता आला असता: यांतला अधिक तप्त कोणता? नळावरच्या लाल खुणेची सवय असलेल्या माझ्या मुलाने काक्षी असे सांगितले. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन आहे आणि राजन्याचे सुमारे १२,०००.

एक गोष्ट पुस्तिकेत नाही, पण या वयाची मुले घरात असतील त्यांनी जरूर करावी. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे आणि प्रश्वा हा दुसरा तेजस्वी तारा सुमारे ११.५. आज व्याधाचा जो उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो, तो माझ्या मुलाच्या जन्माच्या सुमारास तिथून निघाला होता, आणि प्रश्वाचा उजेड मुलीच्या जन्माच्या सुमारास. मी त्यांना एवढेच सांगितले. त्यानंतर महिनाभर, आकाश निरभ्र असले की दोघे आपापला तारा पाहून आल्याशिवाय झोपायला गेले नाहीत.

संच कोणत्या वयासाठी आहे, याबाबत खोक्यावर छापलेली मर्यादा, सहा ते बारा, मला फार सैल वाटते. सहा वर्षांच्या मुलाला आठवड्यामागून आठवडे नोंदी ठेवणे जमणार नाही. आठ ते बारा हे वय योग्य आहे, आणि दोन मुले मिळून करत असतील तर अधिक चांगले, कारण दोघांचे अंदाज वेगळे निघाले की वाद होतो आणि वाद मिटवायला प्रयोगच करावा लागतो. पालकांचा वेळ मात्र खोक्यावर लिहिलेल्या वीस मिनिटांपेक्षा बराच अधिक जातो; बर्फाचे प्रयोग धरले तर सकाळ जाते.

मेणबत्तीच्या पानावरील चूक आणि तापमापीची अपुरी मोजपट्टी यांविषयी मी संचकर्त्यांना पत्र लिहिले, सोबत मुलीने काढलेली एका आणि तीन मेणबत्त्यांची आकृती जोडली. नऊ दिवसांनी उत्तर आले. मेणबत्तीचे पान पुढील आवृत्तीत बदलू असे त्यांनी कळवले आहे आणि तुरटीची एक जादा पुडीही पाठवली. तापमापीबद्दल त्यांच्या पत्रात काहीच नव्हते, म्हणून जे हा किंवा असा कोणताही संच घेणार असतील त्यांनी खोका उघडताच आधी तापमापीचा शेवटचा आकडा पाहावा, आणि तो उणे २० च्या वर असेल तर बर्फ आणि मिठाच्या दिवसाआधी दुसरी तापमापी आणून ठेवावी.